कोंबडा आरवला नाही तर : घरच्या कोंबड्याचा आजार ओळखणे आणि त्याची शुश्रूषा

कोंबडा आजारी आहे हे नव्या पाळणाऱ्याच्या लक्षात यायला बहुतेक वेळा दोन-तीन दिवस उशीर होतो. कारण कोंबडा आजार लपवतो. कळपात जो अशक्त दिसला त्याला बाकीचे टोचतात, आणि दुसरा नर असला तर तो लगेच जागा बळकावतो. म्हणून अंगात बळ आहे तोवर तो मान ताठ ठेवतो. ज्या दिवशी तो कोपऱ्यात पिसे फुगवून, डोळे मिटून उभा दिसतो, त्या दिवशी आजार नवा नसतो.

नराच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. चांगला कोंबडा माद्यांच्या आधी खात नाही. दाणा दिसला की कुटकुट आवाज करून त्यांना बोलावतो, दाणा चोचीत उचलतो, खाली टाकतो, आणि तो खातात त्या. गॅलरीतून पाहणाऱ्याला कोंबडा सारखा दाण्यावर वाकलेला दिसतो, म्हणजे पोटभर खातोय असे वाटते. इकडे पिसांखाली छातीचे हाड वर येत असते.

म्हणून माझे सांगणे असे की कोंबड्याला रोज नुसते पाहू नका, आठवड्यातून एकदा हातात घ्या. निरोगी असताना त्याचे वजन किती, छाती किती भरलेली, श्वास कसा, हे हाताला माहीत असले तरच आजारपणात फरक कळतो. इंदूरला राऊ, राजेंद्रनगर, सुदामानगर भागात अंगण असलेल्या घरांतून आता चार-सहा गावठी कोंबड्या, एखादा झाबुआकडचा कडकनाथ दिसू लागला आहे. अशांना प्रश्न पडला की पहिला हात औषधाच्या दुकानाकडे जातो. तो सगळ्यात शेवटी जायला हवा.

आधी वेगळा करा, मग विचार करा

शंका आली की लगेच, संध्याकाळची वाट न पाहता, कोंबडा बाकीच्यांपासून दूर न्या. मोठे खोके, जुना पिंजरा, भाजीचे प्लास्टिकचे मोठे क्रेट, काहीही चालेल. जागा शांत, हवेशीर, पण वाऱ्याच्या झोतात नको. कुत्रे-मांजर पोहोचणार नाही हे पाहा. खाली भुशाऐवजी वर्तमानपत्राचा कागद घाला, कारण पुढचे दोन दिवस त्याची विष्ठा हाच तुमचा मुख्य पुरावा आहे. भुशात ती दिसत नाही.

आजारी पक्ष्याला ऊब लागते. डिसेंबर-जानेवारीत इंदूरच्या रात्री दहा अंशांच्या खाली उतरतात. तेव्हा खोक्याच्या एका कोपऱ्यात टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवा किंवा बाहेरून पिवळा बल्ब लावा. उबेचा कोपरा अठ्ठावीस-तीस अंशांच्या आसपास असावा आणि दुसरा कोपरा थंड असावा, म्हणजे नकोसे झाले तर त्याला सरकता येते. एप्रिल-मेमध्ये उलट: लू चालू असताना बल्बचा विचारही करू नका, घरातली सगळ्यात थंड फरशी शोधा.

पाण्याचे भांडे जड आणि उथळ ठेवा. त्याचे पाणी, दाणा आणि साफसफाई सगळ्यात शेवटी करा, आधी निरोगी कोंबड्यांचे. चपला वेगळ्या, हात साबणाने धुतलेले. कोंबड्यांकडून साल्मोनेलासारखे जंतू माणसाला लागतात, त्यामुळे लहान मुले आणि घरातली वयस्क मंडळी यांना या खोक्यापासून लांबच ठेवा.

हात लावण्याआधी दहा मिनिटे बघा

पकडला की कोंबडा घाबरतो, धापा टाकतो, आणि अर्धी लक्षणे त्या गोंधळात हरवतात. म्हणून लांब बसून बघा. चोच बंद ठेवून श्वास घेतोय की उघडी ठेवून? प्रत्येक श्वासाला शेपटी वरखाली होत असेल तर त्याला श्वास ओढायला कष्ट पडताहेत. मान पुढे ताणून, चोच उघडून हवा घेत असेल तर ते गंभीर. फक्त उन्हाळ्याच्या दुपारी सगळीच कोंबडी चोच उघडून बसतात, तेव्हा बाकीच्यांकडे पाहून तुलना करा.

मग चाल. एकाच पायावर भार देतोय का? एक पाय पुढे आणि एक मागे पसरून बसलाय का? मान वाकडी, फिरलेली, पाठीवर पडलेली आहे का? पंख जमिनीला टेकलेत का? आणि आरवणे. पहाटे न आरवणारा कोंबडा, आवाज बसलेला कोंबडा, आरवायला उभा राहून मध्येच थांबणारा कोंबडा, या तिन्ही गोष्टी टिपून ठेवा. पिसे झडायच्या काळात नर मलूल होतो, कमी आरवतो, त्या वेळी पिसांचा कचरा पडलेला दिसतो आणि भूक शाबूत असते. भूक गेली आणि आवाजही गेला तर ते पिसे झडणे नव्हे.

हातात घेऊन, डोक्यापासून पायापर्यंत

अंधार पडल्यावर धरा, तेव्हा तो शांत असतो. दोन्ही पंख अंगाशी दाबून काखेत घ्या, पाय दुसऱ्या हाताच्या बोटांत. एक गोष्ट कायम लक्षात ठेवा: छातीवर दाब देऊ नका. कोंबड्याला आपल्यासारखा श्वासाचा पडदा नसतो, छातीचे हाड पुढे-मागे हलते तेव्हाच त्याला हवा मिळते. छाती घट्ट आवळून धरलेला आजारी कोंबडा हातातच गुदमरू शकतो. लहान मुलांच्या हातात तो देऊ नये, त्याचे हेही एक कारण.

अंग गरम लागले म्हणून ताप ठरवू नका. निरोगी कोंबड्याचे तापमान एकेचाळीस-बेचाळीस अंश सेल्सियस असते, माणसाच्या हाताला तो नेहमीच तापलेला लागणार.

तुरा पाहा. गावठी कोंबड्याचा तुरा लालभडक असावा. फिकट, गुलाबीसर तुरा म्हणजे रक्त कमी: जंत किंवा रक्त पिणारे किडे. निळसर-जांभळा तुरा म्हणजे अंगात प्राणवायू पोहोचत नाही, मोठा संसर्ग किंवा हृदयाचा त्रास. कडकनाथवाल्यांनी मात्र इथे थांबावे. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या झाबुआच्या कोंबड्याचा तुरा, कातडी, तोंडाची आतली बाजू, सगळेच काळसर असते. त्याच्या तुऱ्यावरून फिकेपणा किंवा निळेपणा ओळखणे अवघड जाते. कडकनाथच्या बाबतीत वजन, डोळे, श्वास आणि विष्ठा यांवरच भिस्त ठेवा, आणि तो निरोगी असताना तुऱ्याचा एक फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पुढे तुलनेला तो फार उपयोगी पडतो.

डोळे स्वच्छ, गोल, लगेच मिटणारे-उघडणारे हवेत. कोपऱ्यात फेस, चिकटलेल्या पापण्या, एका बाजूला सुजलेला चेहरा, नाकातून घाण वासाचे पाणी, हे सगळे श्वसनाच्या आजाराचे. कान त्याच्या पाठीला लावून ऐका, घरघर किंवा कटकट ऐकू येते का. चोच हलकेच उघडून आत टॉर्च मारा. पिवळट चीजसारखे थर दिसले तर ओरबाडू नका.

आता गळ्याखाली उजव्या बाजूला हात लावा. तिथे अन्नाची पिशवी असते. दिवसभर खाल्ल्यावर संध्याकाळी ती भरलेली असणे योग्य. पण सकाळी, दाणा टाकण्याआधी, ती रिकामी हवी. या पिशवीच्या तपासणीची खरी वेळ सकाळचीच. सकाळीही ती घट्ट गोळ्यासारखी लागली तर काहीतरी अडकले आहे. पाण्याच्या फुग्यासारखी थुलथुलीत आणि चोचीला आंबूस वास, तर आत अन्न आंबले आहे.

छातीचे उभे हाड बोटांनी चाचपा. दोन्ही बाजूंना मांस भरलेले असावे. हाड सुरीच्या पात्यासारखे धारदार लागले तर हा कोंबडा कित्येक दिवस उपाशी आहे किंवा खाल्लेले अंगी लागत नाही. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर बादलीत ठेवून वजन करा आणि लिहून ठेवा. कडकनाथचा पूर्ण वाढलेला नर साधारण दीड ते दोन किलो भरतो, पण या सरासरीपेक्षा तुमच्याच कोंबड्याचे गेल्या आठवड्यातले वजन जास्त महत्त्वाचे.

शेवटी शेपटीखालची पिसे वर करा. उवा तिथे सापडतात, आणि पिसांच्या मुळाशी त्यांच्या अंड्यांचे पांढरे गठ्ठे. पंखांखालीही पाहा. तळपाय उलटून बघायला विसरू नका. लंगडणाऱ्या कोंबड्यांपैकी बऱ्याच जणांचे उत्तर तिथेच मिळते.

कागदावरची विष्ठा

तपकिरी गोळी आणि तिच्यावर पांढरी टोपी, ही निरोगी विष्ठा. अधूनमधून, साधारण आठ-दहा वेळांतून एकदा, काळपट, चिकट आणि अतिशय घाण वासाची विष्ठा पडते. ती आतड्याच्या आंधळ्या पिशव्यांतून येते आणि तीही निरोगीच. नवे लोक हिलाच जुलाब समजून औषध देतात.

गडद हिरवी, पातळ विष्ठा म्हणजे पोट रिकामे आहे, नुसते पित्त उतरते आहे. मानमोडीतही, म्हणजे राणीखेत या विषाणूच्या साथीतही, अशीच दिसते. नुसती पांढरी पाण्यासारखी असेल तर मूत्रपिंडाकडे लक्ष द्या, किंवा उन्हात तो खूप पाणी पितोय. रक्त दिसले तर रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. लांब, पांढरे, दोऱ्यासारखे काही दिसले तर जंत. मोबाइलवर फोटो काढा. डॉक्टरांना वर्णनापेक्षा फोटोतून लवकर कळते.

सापडले ते काय, आणि करायचे काय

उन्हाचा तडाखा हा माळव्यातला सगळ्यात जास्त वेळा भेटणारा आणि सगळ्यात लवकर मारणारा प्रकार. पारा चाळिशीपार गेला की भारी अंगाचा नर आधी कोसळतो. कोंबड्यांना घाम येत नाही, त्या फक्त धापा टाकून आणि तुऱ्या-पायांतून उष्णता सोडतात. पंख अंगापासून दूर, चोच उघडी, मान खाली, उभे राहवत नाही, असे दिसले की सावलीत न्या, पाय साध्या पाण्यात बुडवा, तुरा ओला करा, पंखा लावा. बर्फ किंवा फ्रिजचे पाणी एकदम अंगावर ओतू नका. शुद्धीवर असेल तर ओआरएसचे पाणी पुढे ठेवा. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चार-सहा तास हे, मग साधे पाणी. उन्हाळ्यात दाणा पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्या, दुपारी पोट रिकामे असलेले बरे. अन्न पचवतानाही अंग तापते. खुराड्याच्या पश्चिमेला ओले बारदान टांगले तर दुपार सुसह्य होते.

अन्नाची पिशवी अडकणे. लांब सुके गवत, प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा, नायलॉनचा दोरा, संक्रांतीनंतर अंगणात पडलेला मांजा, हे आत गोळा होते. बारा ते चोवीस तास दाणा बंद, पाणी चालू. तीन-चार मिलिलिटर खोबरेल किंवा खाण्याचे तेल थेंब-थेंब चोचीच्या कडेने द्या आणि बोटांनी पिशवी हलक्या हाताने, गोल फिरवत चोळा, दर दोन-तीन तासांनी. गोळा सैल झाला तर भिजवलेले मऊ अन्न थोडे थोडे. कोंबड्याला उलटे धरून पिशवी रिकामी करण्याचे व्हिडिओ दिसतात. ते करू नका. आतले पाणी श्वासनलिकेत गेले की कोंबडा तुमच्या हातात मरतो. दुसऱ्या दिवशीही गोळा तसाच असेल तर डॉक्टर छोटा छेद देऊन तो काढू शकतात, आणि पक्षी वाचतो.

पाणी किंवा औषध पाजायचे असेल तेव्हाही हीच काळजी. जिभेच्या मुळाशी जे भोक दिसते ती श्वासनलिका. सिरिंजने घशात पिचकारी मारायची नाही. चोचीच्या कडेला एकेक थेंब लावा, तो स्वतः गिळेल. गिळत नसेल तर पाजू नका.

पायाचे दुखणे. आधी दोरा शोधा. केस, शिवणाचा धागा, मांजा बोटाभोवती आवळतो आणि बोट काळे पडते. भिंग घेऊन कापून काढा. तळपायाला काळी खपली आणि खाली सूज असेल तर तो तळपायाचा फोड, उंचावरून कठीण फरशीवर उड्या मारणाऱ्या जड कोंबड्याला हमखास होणारा. कोमट मिठाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे पाय बुडवा, पुसा, पातळ केलेले बीटाडीन लावा, गॉजची पट्टी बांधा, रोज बदला. बसायचा दांडा खाली आणा, खाली भुसा जाड करा. फोड खोल असेल, पाय गरम आणि सुजलेला असेल तर घरी चिरफाड नको. पायाचे खवले उचललेले, खडबडीत, चुना लावल्यासारखे दिसले तर खवल्यांखाली घुसलेले सूक्ष्म किडे आहेत. कोमट साबणाच्या पाण्याने पाय मऊ करा, जुन्या टूथब्रशने हलके घासा, वर व्हॅसलीन जाड चोपडा. आठवड्यातून एकदा, महिनाभर तरी. रॉकेल चोळायचा जुना सल्ला ऐकू नका, कातडी भाजते.

झाबुआ-अलीराजपूरच्या हाटातून पाय बांधून, उलटे टांगून बसमधून आणलेला कोंबडा दोन दिवस लंगडला तर तो आजार नसतो, सूज असते. विश्रांती पुरते. पण असा नवा पक्षी तीन-चार आठवडे घरच्या कोंबड्यांत सोडायचाच नाही. मानमोडी, सर्दी, उवा या सगळ्या गोष्टी घरात येण्याचा हाच मुख्य रस्ता आहे.

जखमा. दोन नर भांडले की तुरा फाटतो, डोके रक्ताने माखते. दृश्य भयंकर दिसते, पण बहुतेक वेळा जखम उथळ असते. स्वच्छ कापड दाबून रक्त थांबवा, अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक सपाट छोटा चमचा मीठ घालून जखम धुवा, बीटाडीन लावा. तुऱ्यावरच्या छोट्या जखमेला हळद दाबली तरी रक्त थांबते. बधिर करणारी मलमे पक्ष्यांना बाधू शकतात, ती टाळा. पावसाळ्यात जखमेवर माशी अंडी घालते आणि चोवीस तासांत अळ्या पडतात. म्हणून जखमी कोंबडा मच्छरदाणीत ठेवा. अळ्या दिसल्या तर चिमट्याने वेचा, मिठाच्या पाण्याने वारंवार धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. भांडणाचे मूळ बहुधा हिशेबात असते: आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरतो.

शिंका, डोळ्यात फेस, घरघर. आधी खुराड्यात उकिडवे बसा, नाक कोंबड्याच्या उंचीवर आणा. डोळे झोंबले, उग्र वास आला तर अर्धा आजार तुमच्या ओल्या भुशात आहे. भुसा बदला, वरच्या बाजूने हवा खेळू द्या. डोळे मिठाच्या कोमट पाण्याने दिवसातून दोन-तीनदा पुसा. दोन दिवसांत उतार नसेल, चेहरा सुजला असेल किंवा दुसराही शिंकू लागला तर अँटिबायोटिक लागेल, आणि कोणते ते डॉक्टरच ठरवतील.

देवी. तुऱ्यावर, पापण्यांवर, चोचीभोवती चामखिळीसारखे फोड, मग काळ्या खपल्या. हा विषाणू डासांमार्फत फिरतो, त्यामुळे पावसाळ्यात आणि नंतर जास्त. याला औषध नाही. खपल्या काढू नका, कडेने बीटाडीन लावा, डोळे उघडे राहतील असे पाहा, खायला मऊ द्या. बहुतेक कोंबडे तीन-चार आठवड्यांत उठतात. फोड तोंडाच्या आत असतील आणि श्वास अडत असेल तर मात्र प्रकरण गंभीर आहे.

रक्ती हगवण मुख्यतः तीन आठवडे ते काही महिन्यांच्या पिल्लांना होते, मोठ्या कोंबड्याला क्वचित. अँप्रोलियम हे त्यावरचे ठरलेले औषध. २० टक्के पावडर असेल तर लिटरभर पाण्यात १.२ ग्रॅम, तीन ते पाच दिवस, दुसरे पाणी न ठेवता. पाकिटावरचे प्रमाण वेगळे असेल तर पाकिटाचे पाळा. त्या दिवसांत बी-कॉम्प्लेक्स देऊ नका, बी-१ जीवनसत्त्व या औषधाचा परिणाम मारते.

जंत आणि उवा यांनी कोंबडा हळूहळू वाळतो. जंताचे औषध वजनावर ठरते, म्हणून वजन सांगून मागा. रात्री टॉर्च घेऊन बसायच्या दांड्याच्या फटी पाहा. रक्त पिणारे लाल किडे दिवसा तिथे लपतात आणि रात्री अंगावर चढतात. तेव्हा कोंबड्याइतकाच इलाज खुराड्याचाही करावा लागतो. कोरडी माती आणि चुलीची राख यांचा एक कोपरा कायम ठेवा, कोंबडा स्वतः लोळून उवा कमी करतो.

जिथे घरचा इलाज थांबतो

मान पिळवटलेली, हिरवी हगवण, पाय-पंख लुळे, श्वासाला घरघर, आणि हे एकामागून एक कोंबड्यांत, तर मानमोडी म्हणजे राणीखेत समजा. तिला औषध नाही. हळद-लसूण दाण्यात घातल्याने बिघडत नाही, पण मानमोडी त्याने बरी होत नाही. तिला उत्तर एकच, लस: पहिल्या आठवड्यात लासोटा किंवा एफ-१ डोळ्यात-नाकात थेंब, चौथ्या आठवड्याच्या आसपास पुन्हा, आणि आठव्या आठवड्याला आर-टू-बीचे इंजेक्शन. लस निरोगी पक्ष्यालाच द्यायची. कळपात आजार शिरल्यावर धावपळ करून टोचलेली लस कोंबडा वाचवत नाही.

दोन-तीन महिन्यांचा तरणा नर एक पाय पुढे आणि एक मागे टाकून बसला, खातो-पितो पण उठत नाही, तर मॅरेक्सची, म्हणजे पाय लुळे करणाऱ्या विषाणूच्या आजाराची, शंका घ्या. तोही बरा होत नाही. अशा वेळी त्याला हाल सोसत ठेवण्यापेक्षा डॉक्टरांकडून शांतपणे झोपवणे मला योग्य वाटते.

आणि बर्ड फ्लू. देशात घातक बर्ड फ्लूची पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरची, आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली. इंदूरला डिसेंबर २०२० च्या अखेरीस डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडू लागले आणि भोपाळच्या प्रयोगशाळेत एच५एन८ विषाणू निघाला. म्हणून आसपास कावळे मेलेले दिसले, किंवा तुमच्या कोंबड्या लक्षणांशिवाय पटापट मेल्या, डोके सुजले, तुरे निळे पडले, पायांवर रक्ताळलेले डाग दिसले, तर त्या क्षणी शुश्रूषा थांबवा. हात लावू नका, कापू नका, शेजाऱ्याला देऊ नका, विकू नका. १९६२ या पशुचिकित्सेच्या नंबरवर किंवा जवळच्या सरकारी पशुचिकित्सालयात कळवा. घरात कुणाला त्याच दिवसांत ताप-खोकला आला तर डॉक्टरांना कोंबड्यांचे आवर्जून सांगा.

डॉक्टरांबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. शहरातले पुष्कळसे पशुवैद्य कुत्र्या-मांजरांचे असतात, कोंबडा नेला की गोंधळतात. इंदूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. कोंबड्यांचे जाणकार तिथे भेटतात. आजार येण्याआधीच एकदा जाऊन चौकशी करून या.

औषधांच्या बाबतीत

माणसांच्या उरलेल्या गोळ्या, पॅरासिटामॉल, अर्धी अँटिबायोटिक, काही नको. दुकानदार आजार न पाहता ‘पोल्ट्रीची पावडर’ पुढे करतो, तीही नको. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, आणि उगाच दिलेल्या अँटिबायोटिकने जंतू निबर होतात, तेच पुढे आपल्याला भेटतात. कोलिस्टिन हे औषध खाण्याच्या जनावरांना देण्यावर सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली ती याच कारणाने. जुने पाकीट कुणी दिले तर परत करा. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध पूर्ण दिवस द्या. माद्यांच्या पाण्यात ते जात असेल तर अंडी किती दिवस खायची नाहीत हे विचारा, कोंबडा खाण्याचा असेल तर मांसाचेही.

खायला काय

आजारी कोंबडा कोरडा दाणा टाळतो, ओले-मऊ टिपतो. मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा कोमट पाण्यात कालवून, मऊ भात, उकडलेल्या अंड्याचा कुस्करा, भिजवलेली मूग डाळ शिजवून. इंदूरच्या घरात पोहे नेहमीच असतात. नुसते भिजवलेले पोहे त्याला आवडतात आणि पचतातही. मात्र न्याहारीतले उरलेले, शेव-जीरावण टाकलेले पोहे मुळीच नकोत, एवढे मीठ कोंबड्याला सोसत नाही. कच्चा राजमाही विषारी. थोडे थोडे, दिवसातून चार-पाच वेळा, आणि उरलेले तासाभरात उचला, उन्हाळ्यात ते लगेच आंबते. मोठा कोंबडा एरवी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी सहज पितो, उन्हाळ्यात दुप्पट. भांड्यातले पाणी सकाळ-संध्याकाळ मोजले तर तो पितो की नाही हे अंदाजावर राहत नाही. अन्न सुटले तरी एक दिवस काढता येतो, पाणी सुटले की फार वेळ नसतो.

मेला तर

सगळी काळजी घेऊनही कोंबडा दगावतो. का गेला हे कळले तर बाकीच्या वाचतात. बर्ड फ्लूची शंका नसेल तर शव दुहेरी पिशवीत बांधून बर्फाच्या खोक्यात ठेवा, फ्रीझरमध्ये गोठवू नका, आणि चोवीस तासांच्या आत महूला शवविच्छेदनासाठी न्या; आधी फोन करून वेळ घ्या. नेणे शक्य नसेल तर खोल खड्डा करून चुना घालून पुरा, उकिरड्यावर किंवा नाल्यात टाकू नका, कुत्री उकरतात. खुराड्यातला भुसा जाळा किंवा पुरा, भांडी साबणाने घासून कडक उन्हात वाळवा.

बरा झाला तर

सलग दोन-तीन दिवस स्वतः दाणा खातोय, विष्ठा नीट आहे, वजन वाढतेय आणि आवाज परतला, की त्याला परत सोडायचे. एकदम नाही. आठवडाभराच्या गैरहजेरीत कळपातली उतरंड बदललेली असते, तरणा नर असेल तर तो मालक झालेला असतो. पहिले दोन-तीन दिवस जाळीच्या पिंजऱ्यात, बाकीच्यांच्या डोळ्यांसमोर ठेवा. मग रात्री, सगळे दांड्यावर बसल्यावर, त्याला त्यांच्यात बसवा. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही तिथे हजर राहा. दाण्याची आणि पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी मांडा, म्हणजे एकाच जागी गर्दी होणार नाही. थोडी टोचाटोची होईल, ती होऊ द्या. रक्त निघाले, किंवा तो कोपऱ्यात डोके खुपसून बसला, तर पुन्हा जाळीआड घ्या आणि चार दिवसांनी परत प्रयत्न करा. त्यानंतर पंधरा दिवस वजन दर तिसऱ्या दिवशी करा. सर्दीच्या काही आजारांत बरा दिसणारा कोंबडाही जंतू अंगात बाळगून असतो, म्हणून माद्यांच्या शिंकांकडेही तेवढ्या दिवसांत कान ठेवा.